मांडवा ते तेरेखोल : खोल्यांचे आरक्षण न करता चौदा दिवस किनाऱ्याने जाता येईल का?

वाटसरू, पुणे

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी मावसबहीण, अशा दोघी जणी, पाठीवर सॅक घेऊन अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलपर्यंत कोकण किनाऱ्याने जाण्याचा विचार करत आहोत. स्वतःचे वाहन नाही आणि ते न्यायचेही नाही. एसटी, फेरीबोट आणि जिथे वाळू सलग असेल तिथे पायी, एवढीच साधने आम्ही धरली आहेत.

दोन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर आम्ही प्रत्येक रात्रीची खोली आधीच पैसे भरून ठरवली होती. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा माशांचा लिलाव पाहिला तेव्हा आणखी एक दिवस राहावे असे दोघींनाही मनापासून वाटले, परंतु पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले असल्यामुळे सकाळी निघावे लागले. आणि जिथे दोन रात्री ठरवल्या होत्या तिथे पहिल्याच संध्याकाळी आमचे पाहून झाले होते. म्हणून या वेळी काहीच ठरवू नये असे मला वाटते. आईला हे मान्य नाही. संध्याकाळी कुठे पाठ टेकायची हे सकाळी माहीत नसेल तर तो प्रवास नव्हे, असे तिचे म्हणणे आहे.

जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की, या किनाऱ्यावर कोणत्या गोष्टी खरोखर मोकळ्या सोडता येतात आणि कोणत्या सोडल्या तर आपण अडकतो? एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्यावा का? तंबू सोबत ठेवला तर आईची काळजी मिटेल का?

निवृत्त वाहक, दापोली

ताई, मी एसटीत एकतीस वर्षे वाहक होतो आणि त्यातली बहुतेक वर्षे मंडणगड, दापोली व गुहागर या आगारांच्या गाड्यांवर गेली, म्हणून हे अधिकाराने सांगतो. नकाशावर किनारा उभी रेघ दिसतो. आमच्या गाड्या मात्र आडव्या धावतात. प्रत्येक किनारी गाव आपल्या तालुक्याच्या गावाशी जोडलेले असते, शेजारच्या किनारी गावाशी असेलच असे नाही, कारण दोन गावांच्या मध्ये एक तर डोंगर असतो नाही तर खाडी. वेळासहून मंडणगडला जाणे सोपे आहे आणि केळशीहून दापोलीला जाणेही सोपे आहे. पण वेळासहून केळशीला जायचे म्हटले की मध्ये भारजा नदी येते आणि गाड्यांचा हिशेब बदलतो.

यावरून माझे सांगणे असे की, तुम्ही दिवस ठरवू नका, खाड्या ठरवा. मांडव्याहून निघाल्यावर रेवदंड्याजवळ कुंडलिकेवर पूल आहे, तिथे प्रश्न नाही. मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी आगरदांडा ते दिघी अशी फेरीबोटीने ओलांडावी लागते. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला ते वेसवी, म्हणजे सावित्रीचे मुख, ज्याला आपण बाणकोटची खाडी म्हणतो. मग वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्याला पलीकडचे गाव डोळ्यांसमोर दिसत असतानाही चिपळूणवरून मोठा वळसा घालावा लागत असे. जयगडच्या पुढे दक्षिणेकडे भाट्ये, पूर्णगड आणि जैतापूर येथे पूल आहेत, म्हणून रत्नागिरीनंतर तुमचा प्रवास पुष्कळ सुटसुटीत होईल. खरी जपणूक उत्तरेच्या अर्ध्या भागात हवी.

फेरीबोटीबद्दल एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. ती तुम्हाला पलीकडच्या धक्क्यावर उतरवते, गावात नव्हे. वाहनवाले लगेच निघून जातात आणि पायी उतरलेला माणूस धक्क्यावर उभा राहतो, कारण पुढची एसटी फेरीबोटीच्या वेळेशी जुळवलेली असतेच असे नाही. संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्यांनी खाडी कधीही ओलांडू नका. दुपारी तीनच्या आत पलीकडे पोहोचलात तर रिक्षा मिळते, चालताही येते, आणि पलीकडे काही जमले नाही तर परत अलीकडे येता येते.

प्रत्येक स्थानकावर उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर 'वस्तीची गाडी कुठली आणि सकाळी किती वाजता सुटते' हे विचारून ठेवा. वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात मुक्कामाला येणारी आणि पहाटे तालुक्याला परत निघणारी एसटी. ती ज्या गावात येते त्या गावातून सकाळी बाहेर पडण्याची खात्री असते, मग मुक्काम किती दिवसांचा हे तुम्ही मोकळे ठेवू शकता.

पासाबद्दल सांगायचे तर, तो चार किंवा सात दिवसांचा असतो आणि रोज लांब पल्ला मारणाऱ्यालाच परवडतो. तुम्ही एका दिवशी पंधरा-वीस किलोमीटरच जाणार आणि मध्ये एखादा दिवस थांबणार. त्यातच मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पास घेऊ नये असेच मी म्हणेन.

खाडीकाठची, गुहागर तालुका

ताई, आमच्या घरी गेली बारा वर्षे पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनेही थोडे लिहिते. काकांनी खाड्यांचे सांगितले ते अगदी बरोबर आहे. परंतु मोकळ्या बेताचा भार कोणावर पडतो हे प्रवाशाला दिसत नाही. आमच्याकडे हॉटेलसारखा साठा नसतो. मासळी सकाळी घ्यावी लागते, नारळ खोवायचा असतो, सोलकढीसाठी आगळ असले तरी बाकीची तयारी असतेच. संध्याकाळी सात वाजता दोघी दारात उभ्या राहिल्या तर आम्ही त्यांना परत पाठवत नाही, पिठी-भात करून वाढतो. पण त्या जेवणाने पाहुण्याचेही समाधान होत नाही आणि आमचेही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की खोली आठवडाभर आधी ठरवू नका, पण ज्या दिवशी यायचे त्या दिवशी दुपारी बाराच्या आत एक फोन करा. किती जणी आहात, मासे चालतात का आणि साधारण किती वाजता पोहोचाल, एवढेच सांगा. बेत बदलला तर तोही तितक्याच तत्परतेने कळवा. मागच्या हंगामात चार जणांचे जेवण करून आम्ही रात्री दहापर्यंत वाट पाहिली आणि ती मंडळी आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा 'आम्ही पुढे निघून गेलो' असे उत्तर आले. त्या दिवसाचे मला अजून वाईट वाटते. पुढचे गाव कोणते हे तुम्ही सकाळी आमच्याशीच बोलून ठरवलेत तर आम्ही तिथल्या ओळखीच्या घरी स्वतः फोन करून देतो. अनोळखी दोघी मुली आणि 'अमक्या वहिनींनी पाठवलेल्या मुली' यांत फरक पडतो. आईंना हे अवश्य सांगा.

फेब्रुवारीत शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडल्या तर खोली मिळण्याची अडचण नसते. गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात आणि नाताळच्या आठवड्यात मात्र असा मोकळा बेत मुळीच करू नये, कारण चाकरमानी घरी आलेले असतात, एसटीला उभे राहायलाही जागा नसते आणि आमच्या घरातही आमचीच माणसे असतात. म्हणून शनिवारची रात्र गणपतीपुळे किंवा मालवण अशा गर्दीच्या ठिकाणी येऊ देऊ नका. ती एखाद्या लहान गावात काढा.

पायी चालणार असाल तर भरती-ओहोटीचा हिशेब शिकून घ्या. माझे वडील दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, आयुष्यभर खाडीत आणि समुद्रात गेलेले. ते तिथीला पाऊणने गुणत. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ गावातल्या कोळ्याला विचारावी. परंतु या हिशेबाने तुम्हाला आठवडाभर आधी कळते की तृतीयेपासून षष्ठीपर्यंतच्या सकाळी किनाऱ्याने चालायला उत्तम, कारण ऊन चढायच्या आत ओली, कडक वाळू पायाखाली असते, आणि अष्टमी-नवमीच्या सकाळी सुक्या भुसभुशीत वाळूतून सॅक घेऊन चालताना पोटऱ्या भरून येतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. त्या दिवशी ओहोटीला वाळू खूप उघडी पडते आणि भरतीला पाणी नेहमीच्या रेषेच्या वर येते, म्हणून हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेसारख्या खडकाळ वाटांवर भरतीच्या वेळी पाऊल टाकू नये. तिथे माणसे वाहून गेलेली आहेत.

सड्यावरून, कोल्हापूर

मी हा किनारा गेल्या आठ वर्षांत तुकड्यातुकड्यांनी पायी पाहिला आहे. वहिनींनी लिहिलेल्या ओहोटीच्या हिशेबाला एक कळकळीची जोड द्यावीशी वाटते. वाळू सलग दिसते म्हणून नदीचे मुख पायी ओलांडू नका. एका लहान खाडीच्या मुखाशी मी ओहोटीला गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो, वाडीत पाणी प्यायलो, गप्पांत दीड तास गेला आणि परत आलो तेव्हा त्याच जागी पाणी छातीपर्यंत होते आणि आत खेचणारी ओढ होती. एका म्हाताऱ्या कोळणीने हाक मारून मला थांबवले, म्हणून आज हे लिहितो आहे. मुख दिसले की आत वळावे आणि पूल किंवा होडी शोधावी, त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. पोहण्याच्या बाबतीतही हेच. गणपतीपुळ्याला पाणी एकदम खोल होते आणि तिथे सूचनाफलक लावलेले आहेत ते उगाच नव्हेत.

तंबूबद्दल माझे मत स्पष्ट आहे : नेऊ नका. दोन-अडीच किलो ओझे पाठीवर वाहून शेवटी तुम्ही घरातच झोपाल. शिवाय फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले आणि इतरही अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात किंवा माद्या रात्री अंडी घालायला वर येतात. तिथे उजेड आणि वावर असू नये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली हे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले, त्याचा मान आपण राखायला हवा.

वेळासलाच मोकळ्या बेताचा खरा उपयोग आहे. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि ती नेमकी कोणत्या सकाळी निघतील हे कोणीही सांगू शकत नाही. एका रात्रीसाठी आलेली कितीतरी माणसे अंड्यांच्या खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या रिकाम्या पाहून परत जातात. तुमच्या चौदा दिवसांतल्या तीन रात्री तिथे खर्च झाल्या तरी होऊ द्या.

दक्षिणेत एक दिवस समुद्राकडे पाठ करून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, द्या. पूर्णगड ओलांडल्यावर कशेळीला कनकादित्याचे देऊळ आहे आणि त्या परिसरातल्या जांभ्याच्या कातळावर कोरलेली कातळशिल्पे आहेत, ज्यांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. सड्यावर सावली नसते, म्हणून सकाळी सातला निघून दहाला परत यावे आणि गावातल्या माणसाला सोबत घ्यावे, नाहीतर शिल्पावर पाय देऊन पुढे जाल.

वाटसरू, पुणे

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे आईला वाचून दाखवली. वहिनींनी लिहिलेला 'अमक्यांनी पाठवलेल्या मुली' हा भाग तिने मला दोनदा वाचायला लावला आणि त्यानंतर तिचा विरोध बराच मावळला.

आता आम्ही असे ठरवले आहे. तंबू आणि पास दोन्ही नाही. उत्तरेतल्या चार फेरीबोटी चार वेगवेगळ्या दिवशी आणि दुपारच्या आत ओलांडायच्या, त्यासाठी सुरुवातीच्या आठ-नऊ दिवसांचा अंदाज धरला आहे. वेळासला किमान दोन रात्री, पिल्ले निघाली नाहीत तर तिसरी. हर्णैला या वेळी थांबायचे ते मनसोक्त. वेळ कमी पडला तर रत्नागिरी ते मालवण हा टप्पा गाळायचा की धावतपळत करायचा, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि शेवटी परत कुठून यावे हेही कळलेले नाही.

निवृत्त वाहक, दापोली

ताई, धावतपळत काहीच करू नका. वेळ संपेल तिथे पूर्वेकडे वळा. कोकण रेल्वेची स्थानके किनाऱ्यापासून आत आहेत, पण जवळजवळ प्रत्येक किनारी तालुक्यातून स्थानकाकडे किंवा महामार्गाकडे जाणारी एसटी आहे : गुहागरहून चिपळूण, देवगडहून कणकवली, मालवणहून कुडाळ, वेंगुर्ल्याहून कुडाळ किंवा सावंतवाडी. सावंतवाडी-दिवा गाडीला आरक्षण लागत नाही, वेळ मात्र भरपूर लागतो. राहिलेला टप्पा पुढच्या वर्षी तिथूनच सुरू करता येतो.

तेरेखोलपर्यंत पोहोचलात तर रेडीहून पुढे किल्ल्याकडे जाताना तुम्ही नदी न ओलांडताच गोव्यात शिराल, कारण तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो भाग गोव्यात आहे. तिथून केरीला जाणारी फेरीबोट असते. केरीकडून पेडण्याच्या रेल्वे स्थानकापर्यंत जाता येते, फक्त तिकडच्या कदंब गाडीत आपल्या एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत चालत नाही, तेव्हा तेवढे सुटे पैसे हाताशी ठेवा.