जाड पिनांचा ओव्हन, ओट्यावर बारीक सॉकेट. काय करू?

मंगळवार पेठेतलं जुनं घर, वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं. २००० वॉटचा ओटीजी घेतलाय. पिना १६ अँपिअरच्या, ओट्यावरचं सॉकेट ६ चं. दुकानदारानं कन्व्हर्टर हातात ठेवला, "काय होत नाही ओ वहिनी!" खरंच चालतंय का?

उत्तर (वायरमन, राजारामपुरी):
नको ताई. २००० भागिले २३० म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. कन्व्हर्टरनं पिना बसतात, मागची वायर तीच राहते. केक फुगेपर्यंत सॉकेट पिवळं पडतंय, करपल्याचा वास सुटतोय. डीबीपासून (घरातल्या मेन बोर्डापासून) वेगळी लाइन ओढा: २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ चं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच).

दुसरं उत्तर:
आधी अर्थिंग तपासा. जुन्या घरात वरच्या मोठ्या भोकामागं कधीकधी वायरच नसते! आणि ओव्हनचं अंग पत्र्याचं. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पण बसवा.

वहिनी:
आरसीसीबी असली तरी अर्थिंग लागतंय?

वायरमन:
लागतंयच. अर्थिंग असलं की गळती होताच ट्रिप होते. नसलं तर तुम्ही हात लावल्यावर, म्हणजे करंट तुमच्यातनं गेल्यावर.

वहिनी:
बाई गं! कन्व्हर्टर परत करते उद्याच.