मदत हवी आहे: इंजिनावरचा ऑइलचा थर काढायचा आहे, पण धुवण ओढ्यात जाऊ द्यायचे नाही

नमस्कार.

माझ्या जुन्या गाडीच्या टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग बरेच दिवस झिरपत होते. ते आता बदलून घेतले आहे. मात्र तोवर झिरपलेल्या ऑइलवर धूळ बसून इंजिनाच्या एका बाजूला काळा, चिकट थर जमला आहे. तो काढणे मला आवश्यक वाटते, कारण नवे पॅकिंग पुन्हा झिरपू लागले तर या काळपटपणात ते कळणारच नाही, आणि सायलेन्सरच्या नळीजवळचे ऑइल तापून पेट घेण्याचीही भीती असते.

पाण्याचा जोरदार फवारा मारा, असा सल्ला मिळाला. परंतु गाडी उभी करतो तेथील उतार पावसाळी गटाराकडे आहे आणि ते गटार शुद्धीकरण केंद्राकडे न जाता थेट ओढ्याला मिळते. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली घातक द्रव्ये असतात, त्याचा तवंग हवेतला प्राणवायू पाण्यात उतरू देत नाही, आणि साबणाचे पाणी माशांच्या कल्ल्यांना इजा करते. डीग्रीसर (ऑइलचा थर सोडवणारा द्रव) जैवविघटनशील असला, तरी त्याने सोडवलेले ऑइल त्याच्याबरोबर नाहीसे होत नाही, हे बाटलीवरच्या हिरव्या पानाकडे पाहून आपण विसरतो असे मला वाटते. शिवाय फवाऱ्याचे पाणी अल्टरनेटरमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात) आणि वायरींच्या जोडांत शिरते, ते वेगळेच.

म्हणून रविवारी इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची ऋण तार काढली, खाली ताडपत्री अंथरून तिच्यावर लाकडाचा भुसा पसरला आणि तळहाताएवढ्या भागावर प्रयोग केला. लाकडी पट्टीने खरवडल्यावर बहुतेक थर मेणासारखा गुंडाळून निघाला. तो चिंध्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवला आहे. ज्वालाग्राही असल्यामुळे पेट्रोल आणि रॉकेल मी टाळले. उरलेल्या डागांवर ब्रशने थोडा डीग्रीसर लावून ओल्या फडक्याने पुसले.

अडचण पुढे आली. फडके पिळून निघालेले कपभर पाणी काचेच्या बरणीत तीन दिवस ठेवले, तरी वर ऑइलची जेमतेम एक रेघ आली असून खालचे पाणी अजून राखाडी दुधासारखे आहे. डीग्रीसरने ऑइलचे इतके बारीक थेंब केले आहेत की ते वर येऊन वेगळे होत नाहीत. जुने ऑइल जमा करणारे असे पाणी मिसळलेले ऑइल सहसा घेत नाहीत, आणि मोरीत ओतणे मला पटत नाही.

ज्यांनी हे काम घरी केले आहे त्यांना विचारायचे आहे की, हे दुधाळ पाणी भुशात जिरवून तो भुसा घातक कचरा म्हणून देणे योग्य ठरेल का, की ऑइल वेगळे करण्याची एखादी खात्रीची रीत आहे? इंजिनाच्या अरुंद खाचांत पट्टी पोहोचत नाही. तेथे डीग्रीसर न वापरता कोणी काम भागवले आहे का? मला इंजिन चकचकीत नको आहे, नवी गळती ओळखू येईल एवढे स्वच्छ झाले तरी पुरे.