थंडी 'वाजते' म्हणजे नक्की काय वाजतं?

काल सकाळी साडेसहाला घोडबंदर रोडला बसची वाट बघत उभी होते, यंदा पहिल्यांदाच कानाला जरा गार लागलं, आणि शेजारची शाळेतली मुलगी आईला म्हणाली "मम्मी थंडी लागतेय". मला एकदम खटकलं. आपण म्हणायचो थंडी वाजतेय. ऊन लागतं, भूक लागते, उचकी लागते, पण थंडी वाजते. हे 'लागतेय' हिंदीतून आलंय असं मला वाटतं. पण मग आपलं 'वाजणं' कुठून आलं? टाळी वाजते, बारा वाजतात, थंडीत काय वाजतं, दात? म्हणजे कुडकुडताना दात वाजतात म्हणून का? बरं, ठाण्यात दात वाजण्याएवढी थंडी पडते कधी, तरी आपण २० डिग्रीला कपाटातून स्वेटर काढून "वाजतेय गं" म्हणतोच. (आमच्याकडे तर अजून दुपारी पंखा पाचवर असतो.)

— ताई, दातांचं ऐकायला छान वाटतं पण पटत नाही, कारण दात न वाजताही थंडी वाजते. आमची आजी 'थंडी' म्हणायचीच नाही, "हिव वाजतंय" म्हणायची. हिव म्हणजे संस्कृतातलं हिम, त्यातूनच हिवाळा आणि हिवताप. मलेरियात ती थंडी 'भरते' किंवा 'भरून येते', तिथे नुसती वाजत नाही. आणि बाहेर थंडी 'पडते', ती मात्र सगळ्यांसाठी, 'वाजते' ती ज्याची त्याला.

— हे पडणं आणि वाजणं भारी. येऊरच्या डोंगरावर सकाळी फिरायला जातो, तिथे पडते, खाली ठाण्यात तलावपाळीला आलं की नुसता गारवा. गारवा सुखाचा, गारठा नकोसा, एवढा फरक आम्ही घरी करतो.

— काकडणं राहिलं की. पण काकड आरतीशी त्याचा संबंध जोडू नका, आमच्या सोसायटीत दरवर्षी कोणीतरी सांगतंच की पहाटे काकडत करतात म्हणून काकड आरती. काकडा म्हणजे पीळ दिलेली कापडी वात, तो पेटवून ओवाळतात. कार्तिकात पहाटे उठायचं, त्यामुळे काकडतो आपण तेही खरंच म्हणा.

— पनवेलला 'शेकोटी' कमी, 'आगटी' जास्त ऐकलंय. आणि आमच्याकडे थंडी आली हे वालाच्या शेंगांवरून कळतं, मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, वरून जाळ, की झाली पोपटी. मग कशाला वाजतेय थंडी.

— सगळ्यांना धन्यवाद, पोपटीचं आमंत्रण समजते. 'ज्याची त्याला वाजते' हे मनात राहिलं. नवऱ्याला रात्री पंखा दोनवर करायला सांगितला तर म्हणाला, "तुला वाजतेय, मला नाही." आता गोधडी कपाटातून काढलीय, एकटीपुरती.