भाड्याच्या पेटीतल्या माश्या फार चवताळतात, आफ्रिकन संकर असेल का?

डाळिंब_सांगोला: डाळिंबाच्या हस्त बहारासाठी (पावसाळा सरतानाचा फुलोरा) मेलिफेराच्या, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशीच्या, पेट्या ठेवल्यात. बाकीच्या शांत आहेत, पण एक उघडली की माश्या थेट तोंडावर येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'किलर बी'चे व्हिडिओ फिरताहेत, ते हेच का? विहिरीच्या कडेला आग्या मोहोळ आहे, त्याच्याशी संकर झाला असेल?

चौकट१०: दोन्ही नाही. ती आफ्रिकन संकरित माशी अमेरिका खंडातली. ब्राझीलचे संशोधक वॉरविक केर यांनी १९५६ मध्ये आफ्रिकन राण्या ब्राझीलला नेल्या, १९५७ मध्ये रिओ क्लारोजवळून २६ वसाहती निसटल्या, १९९० पर्यंत माशी टेक्सासात. राणी हवेत अनेक नरांशी मीलन करते, वसाहत सारखी फुटते, शिवाय छोटे थवे युरोपीय वसाहतीत घुसून तिथली राणी मारतात. म्हणून ती इतकी फोफावली. विष मात्र नेहमीच्या माशीसारखंच, फक्त एका वेळी डंख कितीतरी जास्त.

आग्या ही वेगळीच जात. तिचे नर तिन्हीसांजेला उडतात, मेलिफेराचे दुपारी. संकराचा प्रश्नच नाही.

धुराडं: आधी चौकटीत ताजी अंडी दिसतात का बघा. राणी नसलेली पेटी चिडकीच असते. अंडी असतील तर लूटमार (दुसऱ्या पेटीच्या माश्या मध चोरायला येणं) तपासा: दाराशी झटापट, फटींभोवती घिरट्या. दार बोटभर रुंद ठेवा, साखरेचा पाक संध्याकाळीच द्या, थेंबही सांडू नका. पेटी ऊन असताना, वारा नसताना उघडा. दारातून धूर देऊन दोन मिनिटं थांबा. घाई केली, माशी चिरडली की इशाऱ्याचा वास सुटतो (पिकल्या केळ्यासारखा) आणि सगळ्या धावून येतात.

एवढं करूनही तेच, तर दोष राणीच्या वाणाचा. जुनी राणी काढा, दुसऱ्या दिवशी नवी पिंजऱ्यातून द्या, मधे उभारलेली राणीची घरं मोडा. स्वभाव लगेच बदलत नाही, जुन्या कामकरी मरेपर्यंत सहा-आठ आठवडे जातात. पेटी भाड्याची आहे ना? मग मालकाकडून बदलून घ्या, ही भानगड त्याची.

चौकट१०: खरी काळजी विहिरीवरच्या आग्याची करा. खाली जाळ करू नका, दगड मारू नका, त्या बाजूला फवारणीचं ब्लोअर नेऊ नका. उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळा आणि गाडीत किंवा खोलीत दार लावून बसा. विहिरीत उडी नको, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखाने लगेच खरवडून काढा. डंख खूप असतील, धाप लागली किंवा ओठ सुजले तर थेट दवाखाना.

डाळिंब_सांगोला: अंडी आहेत. दाराशी झटापट मात्र दिसते, पाक सकाळी देत होतो.

धुराडं: मग लूटमारच. आज संध्याकाळपासून दार लहान करा.