प्लूटोला नुसतं तोंड दाखवायला साडेनऊ वर्षं?

दुर्बीणवाला: काल खोतांनी लिहिलं, ‘प्लूटोला गेलेलं नासाचं न्यू होरायझन्स यान म्हणजे उधळपट्टी. साडेनऊ वर्षांचा प्रवास आणि भेट काही तासांची. त्यापेक्षा डॉन यान शहाणं, मंगळ आणि गुरूच्या मधल्या सेरेस या बटुग्रहाभोवती साडेतीन वर्षांहून जास्त फिरलं.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. प्लूटोपाशी यानाचा वेग सेकंदाला जवळपास १४ किमी होता. तो मारायचा तर इंधन हवं, आणि ते आधी पृथ्वीवरून उचलून न्यायला हवं. वजन वाढलं की प्रवास लांबणार. इकडे प्लूटो १९८९ पासून सूर्यापासून दूर चाललाय, त्याचं वातावरण गोठून खाली बसेल ही धास्ती. म्हणून न थांबता, १४ जुलै २०१५ ला साडेबारा हजार किमीवरून गेलं. मेलेला गोळा दिसेल असं वाटत होतं. दिसलं नायट्रोजन बर्फाचं हळूहळू ढवळणारं मैदान आणि कडेला पाण्याच्या बर्फाचे तीन किमीहून उंच डोंगर. ही उधळपट्टी?

खर्चिक_खोत: दिसलं ते एका बाजूचं! प्लूटोला स्वतःभोवती फिरायला सहा दिवसांहून जास्त लागतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे फोटो लांबून काढलेले आणि धूसर. डॉन शेवटी सेरेसपासून ३५ किमीपर्यंत खाली उतरलं. ऑकेटर विवरातले पांढरे डाग सोडियम कार्बोनेट या क्षाराचे निघाले, म्हणजे आतून खारं पाणी वर आलेलं. हे आयन इंजिनामुळे (विजेनं भारित कण मागे फेकून यान पुढे ढकलणारं) जमलं. तेच प्लूटोला का नाही लावलं?

दुर्बीणवाला: कारण त्याला वीज लागते, साहेब. डॉनची वीज सौरपंखांची. प्लूटोपाशी ऊन आपल्या हजाराव्या हिश्शाइतकं! न्यू होरायझन्स प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालतं, तिथे पोचलं तेव्हा जेमतेम २०० वॅट. आणि तुमचं शहाणं डॉन नासानं २००६ मध्ये रद्दच केलं होतं, मग पुन्हा मंजूर केलं. हे सोयीस्कर विसरलात.

काकू_डोंबिवली: यान जानेवारी २००६ ला सुटलं आणि ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघानं प्रागला बसून प्लूटोचं ग्रहपद काढलं. त्या वर्षी आमच्या धाकट्यानं परीक्षेत ‘नऊ ग्रह’ लिहिलं तर गुण कापला. पुस्तकात नऊच छापलेले! मी पुस्तक घेऊन शाळेत गेले. बाई म्हणाल्या, पेपर वाचत जा.

नियमावर_बोट: बाई बरोबर होत्या. २००५ मध्ये नेपच्यूनपलीकडचा एरिस जाहीर झाला, वस्तुमानानं प्लूटोपेक्षा जड. प्लूटो ठेवला तर तोही घ्या, मग हाउमिया, माकेमाके हे तिकडचेच गोळेही. सेरेसही १८०१ मध्ये सापडल्यावर कित्येक वर्षं ग्रहच होता; काढला तेव्हा कोण रडलं?

प्लूटोभक्त: मतदान किती जणांनी केलं तेही सांगा की. खगोल संघाच्या काही हजार सदस्यांपैकी चारशेच्या थोडं वर! आमच्या सोसायटीत एवढ्यावर पाण्याची टाकीसुद्धा बदलत नाहीत.

नियमावर_बोट: गैरहजर राहायचं आणि मग बोंबलायचं, हेही सोसायटीतलंच.

काकू_डोंबिवली: मुलांना काय शिकवायचं ते सांगा! पत्रिकेत नऊ, पुस्तकात आठ.

नियमावर_बोट: काकू, नवग्रहांत प्लूटो कधीच नव्हता. रवी, चंद्र, राहू, केतू धरून नऊ होतात. प्लूटो नंतर घुसवला ज्योतिषांनी, आणि आता काढायला तयार नाहीत.

काकू_डोंबिवली: पत्रिकेवर घसरायची गरज नव्हती. मी गुणाबद्दल बोलत होते.

खर्चिक_खोत: धागा माझ्यावर होता ना? असो. थांबता येत नव्हतं, मान्य; दुर्बीणवाल्यांना प्लूटोरत्न पुरस्कार द्या. पण अर्धा गोळा धूसरच आहे, हे तुम्ही अजून कबूल केलेलं नाही.

दुर्बीणवाला: केलं. आता तिथे थांबणारं यान पाठवायचं म्हटलं तर पहिला विरोध तुमचाच येईल, तेवढं लिहून द्या.

खर्चिक_खोत: आधी खर्चाचा आकडा दाखवा, मग बघू.