मदत हवी आहे: सातबाऱ्यावरून बहिणींची नावं कमी करायची नोटीस आली आहे

माहेरवाशीण
तातडीचं आहे म्हणून थेट विचारते. तलाठी कार्यालयातून नोटीस आली आहे. भावांनी आम्हा दोघी बहिणींची नावं सातबाऱ्यावरून कमी करायला अर्ज दिलाय, हरकत असेल तर कळवा असं लिहिलंय. सुप्रीम कोर्टाने मुलींना मुलांइतकाच हक्क दिला हे पेपरात वाचलं होतं. भाऊ म्हणतो, तो निकाल आपल्याला लागू होत नाही, वडील आधीच वारले. हे खरं आहे का? लागू होत असेल तर निकालाचं नाव सांगा, अर्जाला जोडते. कृपया लवकर.

बांधावरून
ताई, वडील कोणत्या साली वारले? नोटिशीवर तारीख काय आहे? जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली? नावं कशाच्या आधारे कमी करतायत? हे कळल्याशिवाय हो किंवा नाही सांगणं धोक्याचं आहे.

कायदा_वाचक
भावाचं म्हणणं बरोबर आहे. प्रकाश विरुद्ध फुलवती, २०१५. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय. उगाच आशा लावू नका.

कोर्टाची_पायरी
कायदा_वाचक, तुम्ही पाच वर्षं मागे आहात. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फुलवतीचा तो मुद्दा रद्द ठरवला. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी केलेलं वाटपपत्र किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूमनामा झालेला असेल तर तो उकरता येत नाही. तोंडी वाटणी झाली होती एवढं म्हणून भागत नाही, तिला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

माहेरवाशीण
वडील १९९८ ला वारले. माझं लग्न १९९१ चं, धाकटीचं १९९५ चं. भावाचा वकील म्हणतो की महाराष्ट्राचा १९९४ चा कायदा आहे, त्यात आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही. म्हणजे मला नाही आणि धाकटीला आहे, असं का? नोटीस आलेल्याला अकरा दिवस झाले. वाटपपत्र वगैरे काही झालेलं नाही.

बांधावरून
अकरा दिवस? हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. हरकतीला पंधरा दिवस असतात. निकालाचं नाव नंतर बघू, उद्या सकाळी आधी हरकत द्या.

कोर्टाची_पायरी
१९९४ चा मुद्दा खरा होता. राज्याच्या त्या कायद्यात २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत विवाहित आणि अविवाहित असा भेदच नाही. तुम्ही आणि धाकटी एकाच पायरीवर आहात.

पुणेरी_निवास
विषय निघालाच आहे तर विचारतो. वडिलांच्या शेअर्सवर फक्त मोठ्या भावाचं नॉमिनेशन आहे. तो म्हणतो सगळे त्याचेच. शक्ती येझदानी निकाल लागू होईल का?

कोर्टाची_पायरी
होईल. डिसेंबर २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. नॉमिनी मालक ठरत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो. पण वेगळा धागा काढा, इथे ताईंना चार दिवस आहेत.

नदीकाठ
माझं मत वेगळं आहे. कोर्टात गेलात की माहेर तुटतं. माझ्या बायकोने सही करून दिली, आजही दिवाळीला भाऊ न्यायला येतात. जमिनीचा तुकडा घेऊन काय करणार? चोळीबांगडीचा मान राहिला पाहिजे.

माहेरवाशीण
दादा, मान राहावा म्हणूनच सव्वीस वर्षं गप्प होते. आई शेवटचे चौदा महिने माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती. त्या काळात भाऊ दोनदा आला, दोन्ही वेळा तिच्या अंगठ्यासाठी कागद घेऊन. आईने अंगठा दिला नाही. ती २०१५ ला गेली. माझं नाव त्या उताऱ्यावर राहावं असं तिला वाटत होतं, म्हणून मी हे विचारतेय. आणि तोडायची सुरुवात मी केलेली नाही, नोटीस मला आली आहे.

निवृत्त_अव्वल_कारकून
ताई, बत्तीस वर्षं महसुलात काढली, म्हणून विचारतो. आत्ता सातबाऱ्यावर तुमचं नाव नेमकं कुठे आहे? भोगवटादार (जमीनधारक) म्हणून की 'इतर हक्क' रकान्यात? आणि नोटिशीत फेरफाराचं कारण काय लिहिलंय, शब्दन् शब्द सांगा.

माहेरवाशीण
इतर हक्कात. भावांची नावं डावीकडे आणि आई व आम्ही दोघी उजवीकडे, १९९९ पासून तशीच. नोटिशीत लिहिलंय, 'हक्कसोड जबाबावरून इतर हक्कातील नावे कमी करणे.' आता आठवतंय. वारस नोंदीसाठी म्हणून मोठ्याने आमच्या सह्या घेतल्या होत्या. आखीव कागद होता, वर दोन ओळी आणि खाली सगळा कोरा. तो कागद हाच असेल का?

निवृत्त_अव्वल_कारकून
असणार. त्या काळात मुलींची नावं 'इतर हक्कात' टाकायची पद्धत सर्रास होती, मीही तशा नोंदी लिहिल्या आहेत आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. वारस म्हणून ती नावं डावीकडेच हवी होती. आता कागदाचं सांगतो. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते, नोंदणी कायद्याचं कलम १७. बिननोंदणीच्या जबाबाने हक्क जात नाही. हरकतीत हे एकच वाक्य ठळक लिहा आणि सही कोऱ्या कागदावर घेतली होती हे दुसरं. दोन प्रती न्या. एकीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच आणाच. लेखी हरकत आली की नोंद वादग्रस्त होते, गाव नमुना सहा-अ, म्हणजे वादग्रस्त नोंदींच्या वहीत चढते आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागते. निर्णय विरुद्ध गेला तर प्रांतांकडे अपील, मुदत साठ दिवस.

कायदा_वाचक
फेरफाराने मालकी ठरत नाही हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय. सातबारा महसूल गोळा करण्यासाठी असतो. हरकतीत वेळ घालवण्यापेक्षा सरळ वाटपाचा दिवाणी दावा लावा.

निवृत्त_अव्वल_कारकून
साहेब, मालकी ठरत नाही हे मान्य. पण नाव गेलेला कोरा उतारा दाखवूनच उद्या खरेदीखत होतं. मग तिसरा माणूस दाव्यात येतो आणि दहा वर्षं जातात. हरकत आधी, दावा मागोमाग.

कोर्टाची_पायरी
दोघांचंही बरोबर. दाव्यात वाटप आणि स्वतंत्र ताबा मागा, सोबत विक्रीला तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. खर्चाची भीती असेल तर मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे, राज्याची १९९४ ची अधिसूचना आहे. विधी सेवा समितीचा वकीलही महिलेला उत्पन्न न बघता मिळतो. आता एक सांगा, जमीन वडिलांकडे कुठून आली? आजोबा कधी वारले? उत्तर त्यावर फिरेल.

माहेरवाशीण
आजोबा कूळ होते. कूळकायद्यात त्यांच्या नावावर झाली, बत्तीस-मचं प्रमाणपत्र घरात आहे. आजोबा १९७१ ला वारले, मग वडिलांचं नाव लागलं. ३ हेक्टर २० आर.

बांधावरून
कूळकायद्याची असेल तर कलम ४३ चा, म्हणजे विक्रीवरच्या बंधनाचा शेरा बघा. १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून विक्री करता येते, २०१४ पासून. आमच्या चुलत्यांनी तसंच केलं.

कोर्टाची_पायरी
विकायचं कुणी विचारलं नाही. ताई, तुमच्या माहितीने चित्र बदललं. आजोबांच्या मालकीची जमीन १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसाने वडिलांकडे आली, तर कलम ८ ने ती वडिलांची स्वतंत्र मिळकत होते. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हेच धरतात. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील तर आई आणि चार मुलं सारखे वारस, १९९८ ला लागू होता त्याच कायद्याने. २००५ ची दुरुस्ती, लग्नाचं साल, कशाचीच गरज नाही. भावाचा वकील कूळ हक्क एकत्र कुटुंबाचा होता असं म्हणेल, तर विनीता शर्मा आहेच. आईचा वाटाही चौघांत येतो, म्हणजे चौथा हिस्सा. पण आजोबांना वडिलांखेरीज दुसरी अपत्यं होती का?

माहेरवाशीण
मृत्युपत्र नाही. एक आत्या आहे. आजी आजोबांच्या आधीच गेली. आत्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, इतर हक्कातही नाही. तिचा काय संबंध?

कोर्टाची_पायरी
संबंध तुमच्याइतकाच आहे. १९७१ ला मुलगा आणि मुलगी दोघेच वारस असतील तर जमीन निम्मी निम्मी. १ हेक्टर ६० आर आत्यांची. उरलेल्यात तुम्ही चौघं, प्रत्येकी ४० आर. सहहिस्सेदाराचं नाव नुसतं लागलं नाही म्हणून हक्क बुडत नाही. दाव्यात त्यांना पक्षकार करावंच लागेल.

कायदा_वाचक
आत्यांचं नाव काढूच नका. स्वतःचा वाटा निम्मा करून घेणार का?

नदीकाठ
आत्यांनी इतकी वर्षं मागितलं नाही, याचा अर्थ त्यांनी सोडलं.

माहेरवाशीण
आज सकाळी हरकत दिली. पोच मिळाली, शिक्क्यासकट. तलाठी आधी 'ठेवून जा' म्हणाले, मी सही होईपर्यंत टेबलापाशी उभी राहिले. सुनावणीची तारीख कळवतील.

तिथूनच आत्याला फोन केला. ती ७९ वर्षांची आहे. मी विचारलं, तुझं नाव का नाही लावलं? ती म्हणाली, तुझ्या वडिलांनी विचारलंच नाही, आणि मी मागितलं असतं तर तुझ्या लग्नात मला कुणी बोलावलं नसतं. हे ऐकून मला पुढे बोलता येईना. १९९९ ला माझ्याशी जे झालं तेच वडिलांनी तिच्याशी १९७१ ला केलं होतं, आणि मी त्याच जमिनीवर माझा चौथा हिस्सा मोजत होते.

आत्याला पक्षकार करणार आहे. रविवारी तिच्याकडे जाते. अव्वल कारकून काका, १९७१ चा वारस फेरफार कुठे मिळेल, तलाठ्याकडे की तहसीलच्या अभिलेख कक्षात? आणि नक्कल काढायला आत्याला स्वतः यावं लागेल का? तिला जिना चढवत नाही.

निवृत्त_अव्वल_कारकून
इतका जुना फेरफार शक्यतो तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. नकलेचा अर्ज तुमच्या नावाने चालतो, आत्यांना आणू नका. गाव, गट नंबर आणि १९७१ ते ७३ अशी तीन वर्षं लिहा, साल एक लिहिलंत तर 'आढळ होत नाही' म्हणून परत देतील.