‘पुरुषाला कसला आलाय न्यूनगंड?’ म्हणणाऱ्यांसाठी

परळकर_मामा: काल इथे एकाने लिहिलं, ‘शरीराचा न्यूनगंड ही बायकांची थेरं, पुरुषाने डंबेल उचलावेत, विषय संपला.’ अहो, माझ्या भाच्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. तरी भर मे महिन्यात लोकलमध्ये हुडी! का, तर ‘हात काड्या दिसतात’. सख्ख्या बहिणीच्या लग्नात पंगतीला बसला नाही, उकडलेल्या चिकनचा डबा घेऊन जिन्यात जेवला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप वगैरेंनी १९९३ मध्येच बॉडीबिल्डरांत हे टिपलंय. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत, मसल डिसमॉर्फिया (पिळदार असूनही स्वतःला काडी समजणं) नोंदलेला आहे. डंबेल काय सुचवता? त्यातच तर अडकलाय तो.

दंडबैठक: लिहिणारा मीच. आमच्या चाळीच्या व्यायामशाळेत वस्ताद होते, मारुती होता, आरसा नव्हता. असली नाटकं कुणाला सुचलीच नाहीत.

गिरणगावची_लेक: हो का? मग ‘काडी पैलवान’ कोण म्हणायचं? माझा भाऊ पन्नाशीतही समुद्रावर शर्ट काढत नाही.

दंडबैठक: मस्करी कळत नाही का? आणि ती व्यायामशाळा गेली कुठे, ते विचारा ना! पुनर्विकासात बिल्डरने गिळली. एसी जिम विकायच्या फ्लॅटांच्या सेल टॉवरला, आम्हा रिहॅबवाल्या जुन्या चाळकऱ्यांना मीटर रूमशेजारची खोली. तिथे आता गणपतीचे मखर ठेवतात.

रिहॅब_सातवा_मजला: आमच्याकडे तीही नाही! प्लॅनमध्ये दाखवली होती. सोसायटीला विचारलं तर म्हणे मेंटेनन्स भरा आधी.

दंडबैठक: कमिटीवाले आणि बिल्डर एकाच ताटात जेवतात.

परळकर_मामा: धागा कशावर आहे, बघा जरा.

ट्रेनर_दादरचा: मेहनतीने बॉडी बनवणाऱ्या प्रत्येकाला वेडा ठरवू नका, आमचं पोट आहे त्यावर. पण बॉडीसाठी पोरं सुई टोचून घेतात, तो धोका खरा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं आवरतं घेतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. पोरांना सांगितलं तर विचारतात, ‘सर, साईज किती दिवसांत?’

गिरणगावची_लेक: मग तुमच्या दारावर ‘तीन महिन्यांत ट्रान्सफॉर्मेशन’चा बोर्ड कोणी लावलाय?

ट्रेनर_दादरचा: मालकाने. माझ्यावर कशाला ओरडता?

परळकर_मामा: यावर उपचार आहेत हो. सीबीटी असते, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलून करायची थेरपी, लागल्यास गोळ्या. केईएमला मानसोपचाराची ओपीडी आहे. पण ‘मी काय वेडा आहे का?’ हे तो तुमच्यासारख्यांकडूनच शिकलाय.

दंडबैठक: बरं बाबा, आम्हीच पापी. न्या त्याला केईएमला, माझं काय जातंय? सातवा मजला, तुमच्या प्लॅनची कॉपी आहे का? मला पाठवा.